फळीमागचा वास

एकटीनं काम करायला मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं रडगाणं वाटायला नको. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात संगणक विभागात नोकरीला होते. संगणक विभाग म्हणजे मी. प्रोग्रॅम लिहिणारी मी, माहिती भरणारी मी, प्रिंटरची फीत बदलून हात काळे करून घेणारी मी, आणि काही अडलं की जिच्या नावानं खडे फोडायचे तीही मीच.

ऑफिसच्या इमारतीच्या टोकाला मला खोली दिली होती. काचेचं दार, एसी, आणि धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या. चपला बाहेर काढल्याशिवाय आत यायचं नाही हा नियम. मशीन बसवणाऱ्यांनी तो सांगितला होता आणि मी तो पोलिसासारखा पाळून घ्यायचे. चेअरमनसुद्धा पायताणं दाराशी सोडून मोज्यांवर आत यायचे. पाथर्डीला आमच्या बौद्धवस्तीत आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. "तुज्या खोलीत? पायताणं काढून?" असं ती पुन्हा पुन्हा विचारायची आणि मग भाकरी थापता थापता एकटीच हसायची.

त्या खोलीचं मला आणखी एक सुख होतं. आधी मी अकौंट्सच्या हॉलमध्ये बसायचे तेव्हा माझा चहाचा कप वेगळा असायचा. कोणी तसं बोललं नव्हतं, पण कपाच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला होता आणि तो कप बरोबर माझ्याचपुढे यायचा. संगणकाच्या खोलीत आल्यावर मी घरून स्वतःचा कप नेला आणि दोरा बांधायची त्यांची तसदी वाचवली. आत आडनाव विचारणारं कोणी नव्हतं. खांद्यावरून वाकून बघणारं कोणी नव्हतं. सकाळी प्रोग्रॅममध्ये अडकलेली गाठ दुपारी सुटली की मी एकटीच टाळी वाजवायचे. त्या वयात एवढं राज्य पुरे होतं.

राज्य म्हटलं की राजाला सुट्टी नाही. माझ्याशिवाय ते यंत्र कोणाला चालू करता येत नव्हतं, त्यामुळे मला ताप आला तरी जीप यायची दारात. आणि दुसरी अडचण मला फार उशिरा समजली. आपण जे बघतो, ऐकतो, हुंगतो, ते खरं आहे की आपल्या डोक्यातलं, हे कळायला शेजारी दुसरं माणूस लागतं.

खोलीच्या मागच्या भागात प्लायवूडची फळी उभी करून एक बोळ केला होता. त्यात यूपीएसच्या बॅटऱ्या रांगेनं मांडलेल्या होत्या, ट्रकला असतात तसल्या, काळ्या आणि जाड. त्यांची जागा खरं तर बाहेर व्हरांड्यात होती. पण आमचे साहेब, म्हणजे चीफ अकौंटंट, म्हणाले की एवढी भारी वस्तू धुळीत कशाला, एसी आहेच तर तिलाही मिळू दे. साहेबांचा शब्द खाली पडायचा नाही. बॅटऱ्या आत आल्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात लाईट फार जायला लागली आणि त्यानंतर कधीतरी मला तो वास यायला लागला. आंबूस, तिखट, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. सकाळी दार उघडलं की जास्त, सोमवारी तर फारच. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायचे आणि कपाळ ठणकायचं. मी फळीमागे डोकावून पाहिलं. बॅटऱ्यांच्या पितळी टोकांवर हिरवट पीठ साचलं होतं आणि कोपऱ्यात एक पाल मरून वाळली होती.

मी साहेबांना सांगितलं. ते आत आले, मधोमध उभे राहून एक श्वास घेतला आणि म्हणाले, "छान गार वाटतंय की." दोन क्लार्कना बोलावलं. तेही उन्हातून आलेले, त्यांनाही गारच वाटलं. मग वायरमनला बोलावणं गेलं.

हा वायरमन जामखेडकडचा. कारखान्यात माझ्याशी मोकळेपणानं बोलणारा तो जवळपास एकटाच माणूस. बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम त्याच्याकडे असल्यामुळे तो अधूनमधून यायचा, पेरू आणायचा, माझ्या कपात चहा प्यायचा आणि पुन्हा मलाच म्हणायचा, "मॅडम, हितं एकलंच बसून बसून तुमी त्या डब्याशी बोलाया लागताल एक दिस." त्यानं फळीमागे जाऊन पाहिलं, बाहेर येऊन नाक वर केलं आणि साहेबांकडे बघत म्हणाला, "कायबी न्हाई. मॅडमच्या डब्यातलं लोनचं असंल." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवसापासून लोणचं आणायचं बंद केलं.

वास बंद झाला नाही. मी रोज हुंगायचे आणि रोज स्वतःला विचारायचे, आहे का खरंच? जीपमध्ये बसले तरी यायचा, घरी उशीवर यायचा. मग वाटायचं, माझंच नाक बिघडलं. आईला वाटलं मला कोणाची तरी दृष्ट लागली. ती असलं काही मानत नव्हती, पण मी उलट्या करायला लागल्यावर तिचं मानणं डळमळलं. पावसाळा संपता संपता तिनं माझ्या ओढण्या धुवायला घेतल्या आणि एक उजेडात धरून मला दाखवली. कडेला सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं. "कसर लागली जनू," ती म्हणाली. मी ती ओढणी रोज फळीच्या खिळ्याला अडकवत होते. दुसऱ्या दिवशी ती घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी ओढणी बोटांच्या चिमटीत धरून परत दिली. "बाई, सेलमधला माल असाच असतो."

त्या क्षणापासून मला भीती वाटायला लागली. ओढणी सुती होती, ती खोटं बोलत नव्हती. बॅटऱ्यांतल्या ॲसिडची, कापड खाणारी हवा मी दिवसभर छातीत भरून घेत होते. बारावीत सरांनी परीक्षानळीत गोळा केलेल्या हायड्रोजन वायूला जळती काडी लावली होती आणि 'फट्' झालं होतं, सगळा वर्ग दचकला होता, ते मला आठवायचं. बॅटरी जास्त चार्ज झाली की तोच वायू सुटतो, असं पुस्तकात एक वाक्य होतं एवढं नक्की. पण सुटत होता का? किती? बंद खोलीत किती साचला की काय होतं? विचारायला कोणी नव्हतं. मी काही इंजिनियर नव्हते. मी यूपीएस बंद ठेवला तर लाईट गेल्यावर महिन्याचं काम उडणार आणि गळा माझाच धरला जाणार. म्हणून मी दार उघडं टाकून बसायला लागले. साहेब येता जाता ते ओढून घ्यायचे. "तुमचाच नियम ना, धुळीचा?"

अशात दसरा आला. आई-वडील धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला निघाले. मलाही जायचं होतं, पण गळीत हंगाम तोंडावर, माझ्याजागी बसणारं कोणी नाही, रजा नामंजूर. खंडेनवमीला मी कामावर हजर. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. मिलच्या रोलरपासून ऑफिसच्या टाइपरायटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि निरांजन. संगणक आल्यापासून त्यालाही. आदल्या वर्षी ओवाळताना मीच बाजूला उभी राहून तेल की-बोर्डवर सांडणार नाही एवढं बघितलं होतं.

त्या आधी रविवार आणि आणखी एक सुट्टी जोडून आली होती. खोली बंद, एसी बंद, यूपीएस मात्र चालू, कारण चार्जिंग उतरू नये असा साहेबांचा हुकूम. सकाळी मी दार उघडलं आणि मागे सरले. डोळ्यांतून पाणीच आलं. फळीमागून बारीक खदखद ऐकू येत होती, चुलीवर डाळ शिजते तशी. मी हात लांब करून दाराशेजारचं यूपीएसचं बटण बंद केलं. तेवढ्यात व्हरांड्यातून मंडळी आली. पुढे साहेब, मागे चारसहा क्लार्क, आणि ताट घेतलेला वायरमन. ताटात निरांजन पेटवलेलं होतं.

मी दारात आडवी उभी राहिले. "आत दिवा नको," मी म्हणाले. "माळ घाला, नारळ बाहेर फोडा. दिवा आणि उदबत्ती नको."

मी काय बोलले आणि त्यांनी काय ऐकलं, हे मला त्यांच्या तोंडांवर दिसलं. साहेबांनी शांतपणे, अगदी समजुतीच्या सुरात विचारलं, "बाई, तुमच्या जयंतीला आम्ही कधी नको म्हणालो का?"

"त्याचा संबंध नाही साहेब. आत गॅस आहे."

"गॅस? सिलिंडर ठेवलाय काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं.

मी वायरमनकडे पाहिलं. तो एकटा माणूस होता ज्याला त्या बॅटऱ्यांतलं कळत होतं. "तुम्ही सांगा," मी म्हणाले. "वास येतोय की नाही?" तो निरांजनाची वात नीट करत होता. ती नीटच होती. तरी तो खाली बघून तिला बोट लावत राहिला.

मग मी जे सुचलं ते केलं. आत धावले, खिडक्यांच्या पट्ट्या नखांनी ओरबाडून काढल्या आणि तावदानं सताड उघडली. मोकळ्या मैदानावरची माती भसकन आत आली. मॉनिटरवर, की-बोर्डवर, सगळीकडे. साहेबांचा चेहरा लाल झाला. "झालं तुमचं?" ते म्हणाले. "आता बाजूला व्हा." त्यांनी चपला काढल्या, सगळ्यांनी काढल्या, आणि सगळे माझ्या शेजारून आत गेले. मी दाराबाहेर राहिले. पळून जावं असं वाटत होतं. तरी मी दारातून आत बघत राहिले.

संगणकाला माळ घातली. ओवाळलं. काही झालं नाही. आणि खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की रडू येईल. मी चुकले होते. मी वेडी ठरले तरी चालेल, हे सगळे धडधाकट घरी जातील, असं मी मनात म्हणत होते. साहेब माझ्याकडे वळून हसले. मग वायरमनला म्हणाले, "जा, मागच्या बॅटऱ्यांनाही ओवाळ."

तो फळीच्या तोंडाशी थांबला. मला तो थांबलेला दिसला, आणि वळून सगळ्यांकडे पाहिलेलंही दिसलं. मग तो आत गेला.

आवाज फार मोठा नव्हता. मोटारीचं टायर फुटावं तेवढा. पण प्लायवूड अख्खं बाहेर पडलं आणि त्याच्यामागून तो तोंडावर हात धरून आला. ओरडत नव्हता, नुसता तोंडानं श्वास घेत होता. बाकीचे भिंतीला चिकटले. मी व्हरांड्यातला माठ उचलला, त्याला खाली बसवलं आणि त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिले. माठ संपल्यावर ओरडून नळाच्या बादल्या मागवल्या. त्याच्या खाकी शर्टाला माझ्या डोळ्यांदेखत भोकं पडत होती. जीपमध्ये घालून त्याला नगरला नेलं.

डावा डोळा गेला. उजवा राहिला. खिडक्या उघड्या नसत्या तर आम्ही कोणीच राहिलो नसतो, असं नंतर यूपीएस कंपनीचा माणूस मला म्हणाला, पण तो मलाच म्हणाला, तेही हळूच. कारखान्यात वेगळंच ठरलं होतं. भर सणाच्या दिवशी, पेटत्या दिव्यासमोर मी नको ते तोंडातून काढलं, मोडता घातला, म्हणून हे घडलं. एक क्लार्क म्हणाला, "बाईची जीभ काळी हाय." माझ्या खोलीत येणारे आधीच थोडे होते. आता कागदसुद्धा दारातून आत सरकवायला लागले.

मी दवाखान्यात गेले ते त्याचा डोळा बघवेल की नाही याची धास्ती घेऊन. त्याची बायको उशाशी बसली होती. तिनं मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी आणायला खाली गेली. ती जायचीच तो वाट बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "वास मला बी येत व्हता."

मला आधी काय ऐकलं ते कळेना. तो पट्टीखालून, एका डोळ्यानं छताकडे बघत बोलत होता. लाईट लई जायची, बॅटरी पुरंना, म्हणून साहेबांनी त्याला चार्जिंग वाढवायला सांगितलं होतं. तोंडी. त्यानं वाढवलं. मग वास सुटला. वास हाय म्हणावं तर वाढवलं कुनी ते निघंल, आणि साहेब थोडंच म्हणणार होते की मी सांगितलं.

"कधीपासून येत होता?"

"तुमी पयल्यांदा बोलला त्याच्या बी आधीपासनं."

म्हणजे मी उशीवर नाक घासून रडत होते तेव्हा. आईनं माझी दृष्ट काढली तेव्हा. त्याच्या एका 'व्हय' नं मला माझं डोकं परत मिळालं असतं. त्याची कीव यायला हवी होती. मला संताप आला, इतका की पट्टी बांधलेल्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं.

"आणि तरी दिवा घेऊन आत गेलात? कळत होतं ना?"

बायकोची पावलं जिन्यावर वाजली. त्यानं मान माझ्याकडे वळवली. पहिल्यांदाच सरळ बघितलं माझ्याकडे, त्या उरलेल्या डोळ्यानं.

"समदे बगत व्हते ना, मॅडम," तो म्हणाला.