वेंकटरावांचा सहावा कटर

ऐप्पसी या तमिळ पावसाळी महिन्यातला ओला उकाडा. पाऊस थांबून तास झाला तरी शेडच्या पत्र्यातून थेंब गळत होते. वेंकटराव फरशीवर बसून एकेक बॅटरी फडक्यानं पुसून पिशवीत ठेवत होते.

बावीस वर्षं त्यांनी लोकांचे सळई-काँक्रीट कापायचे कटर दुरुस्त केले, बांधकामवाल्यांचे आणि अग्निशमन केंद्राचेही. पेट्रोलवरचं दहा किलोचं धूड. एकदा पडलेल्या घरात बाई अडकली आणि धुळीनं कटर बंद पडला. बाई वाचली, पाय गेला. तेव्हापासून सहा वर्षं ते बॅटरीवरचा हलका कटर बनवत होते. पाच फसले. तिसऱ्याचं पातं सळईत अडकून असा हिसका बसला की उजवा खांदा कायमचा दुखरा झाला. हा सहावा, साडेचार किलोचा. आज केंद्रावर चाचणी होती.

"आज न्हाई झालं तर, मामा?" भाची भुवनानं विचारलं. वायरिंग सगळं तिचं.

"सोडलों. खांदाच म्हणतोय, पोदुम, पुरे आतां."

केंद्राचे अधिकारी सतीशकुमार दारातच हसले. "राव सार, ह्या खेपेला पण धूर दाखवणार काय?"

वेंकटरावांनी तुटक्या स्लॅबमधली सळई स्वतः कापली. अकरा सेकंद. कुणीतरी शीळ घातली. मग पुरा पोशाख चढवलेल्या जवानानं कटर घेतला आणि तसाच उभा राहिला. जाड कातडी मोज्यातलं बोट खटक्याभोवतीच्या कड्यात शिरेचना.

"करंगळीनं दाबू काय, सार?"

सगळे हसले. सतीशकुमार हसले नाहीत. "मोजे काढ म्हणून मी सांगू शकत नाही, सार. आत सळई तापलेली असते."

वेंकटराव आपल्या हाताकडे बघत राहिले. त्या घामात शेडमध्ये कुणी मोजे घालतच नव्हतं. वापरून बघणारे गवंडीही उघड्या हातांचेच. सहा वर्षांत एकालाही सुचलं नाही.

"सुधारून आणा की," सतीशकुमार हळू आवाजात म्हणाले. "पण यंदाच्या खरेदीची यादी आजच जाते."

दोघं ऑटोत बसले. बस स्टँड मागे पडल्यावर भुवना म्हणाली, "कडं तेवढं मोठं करायचं, मामा. एका दिवसाचं काम."

"एका दिवसाचंच गे. तेंच दिसलं न्हाई."

"मग? सोडतां?"

त्यांनी खांदा चोळला. शेडमध्ये आल्यावर तिनं पिशवीतून एक फाटका कातडी मोजा काढून टेबलावर ठेवला. निघताना जवानाकडून मागून घेतला होता.

वेंकटरावांनी तो उजव्या हातात चढवला, कटर उचलला, कड्यापाशी बोट नेलं. खरंच शिरत नव्हतं. मोजा काढून त्यांनी कटरवरच ठेवला.

"माप घेऊन ठेव. आज मला होईना."

दारात एका गवंड्याचा फरशी कापायचा कटर येऊन पडला होता. मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले. चष्मा पुसून ते खाली बसले आणि स्क्रू सोडवू लागले.