फक्रू गोलीचं मीठ

फक्रुद्दीन कल्हईवाल्याइतका बिनकामाचा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नव्हता, असं त्याची बायको शरिफा सांगायची, आणि त्याची पारख तिच्याइतकी कुणालाच नव्हती. लोक त्याला फक्रू गोली म्हणत. फुटबॉलच्या गोलात जो उभा राहतो तो गोली. संगमनेर, राहाता, सोनई, नगरचा कॅम्प, जिथं म्हणून दोन बांबू रोवून वर दोरी ताणली जाई तिथं हा एकदा तरी उभा राहिलेला होता. आज या टीमकडून, उद्या तिच्याच विरुद्ध. ज्या गावात भांड्यांना कल्हई करायला जायचं, त्या गावची टीम त्याची.

हा नाद त्याला कॅम्पात लागला. लहानपणी बापाबरोबर तो मेसची भांडी कल्हई करायला जायचा, आणि संध्याकाळी गोरे सोल्जर मैदानात चेंडू लाथाडायचे. गोलात उभं राहायला त्यांच्यातला कुणीच तयार होईना, म्हणून त्यांनी या पोराला उभं केलं. वाघ मारल्याच्या थाटात फक्रू ही गोष्ट सांगायचा. शरिफाला त्यात एवढंच दिसायचं, की जी जागा गोऱ्यांनाही नको होती ती या शहाण्यानं जन्मभर पुरवून वापरली.

आणि वापरायची तरी धड? लाल तुर्की टोपी तो डावीकडच्या बांबूला अडकवायचा आणि मग तिला कुणी हात लावू नये म्हणून निम्मं लक्ष तिकडंच. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की हा मैदानाकडं पाठ करून मागं बसलेल्या लोकांशी गप्पा मारायला लागायचा. ''काय काकू, पातेली काळी पडली असतील ना? उद्या सकाळी पारापाशी भट्टी लावतोय, घेऊन या.'' एकदा राहात्याला असंच एका हंड्याचं बोलणं चाललं होतं आणि चेंडू त्याच्या पाठीला लागून बाहेर गेला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. लोकांचं काय, त्यांना फुकट तमाशा हवा असतो. भट्टीचा भाता ओढून शरिफाचे खांदे भरून आलेले असायचे, त्यांच्याकडं बघायला कुणी येत नव्हतं.

पण फक्रूचं खरं खूळ वेगळंच होतं. समोर ताट आलं की घास उचलायच्या आधी तो विचारायचा, ''कुणाचं?'' कारण ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचा चेंडू त्या दिवशी अडवायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. म्हणजे अडवायचा नाही असं तो म्हणत नसे. ''हातच उठत न्हाई,'' म्हणायचा. खाल्ल्या मिठाला जागणारा हा एकटाच जगात शिल्लक होता जणू. ही गंमत जिल्हाभर पसरायला वेळ लागला नाही. ज्या गावात मॅच, तिथं समोरची टीम सकाळीच त्याच्याकडं ताट धाडायला लागली. सोनईला तर दोन्ही टीमांनी धाडलं आणि यानं दोन्ही खाल्ली. मग गोलात उभं न राहता हा लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. दोघांचंही मीठ पोटात, आता तुमचं तुम्ही बघा, म्हणाला. त्या दिवशी दोन्ही टीमांनी मिळून त्याला बदडला. त्या दोन्ही टीमांचं एकमत झालं ते तेवढंच.

शरिफानं पाठीला हळद लावली आणि लावता लावता तोंडही चालू ठेवलं.

''मीठ म्हनं मीठ! अजी, चेंडू अडवता येत न्हाई तुमाला, म्हनून हे मिठाचं थोतांड काढलंया. मला नका सांगू.''

फक्रू हसायचा. तिचं बोलणं त्याच्या अंगाला लागायचंच नाही. मात्र एक होतं. तिनं ताट पुढं केलं, त्यानं ''कुणाचं?'' विचारलं आणि ती ''घरचं'' म्हणाली, की तो पुन्हा विचारायचा नाही. लगेच जेवायला लागायचा.

घरचं! घर कुठं होतं? या गावचा पार, त्या गावच्या मशिदीची ओसरी, तीन दगडांची चूल. शरिफाच्या बोचक्यात एक पितळी कुलूप होतं, लग्नात आईनं दिलेलं. कुलूप होतं आणि ते लावायला दार नव्हतं. फक्रू त्यावरून तिची थट्टा करायचा. ती कुलूप फडक्यात गुंडाळून परत ठेवून द्यायची, आणि हा माणूस आपल्याला कधीतरी दार देईल ही आशा सोडल्याचं सगळ्यांना सांगायची. सोडलेली मात्र नव्हती.

लढाई पेटली तसं कथील मिळेना. कथलावाचून कल्हई कशाची करणार? भट्टी थंड पडली. तेव्हा, त्रेचाळीस सालच्या पावसाळ्यात, राहात्याच्या अलीकडच्या एका साखर कारखान्याचे मॅनेजर राधाकृष्णराव यांना फक्रूची आठवण झाली. कारखान्याच्या मैदानावर कपाची शेवटची मॅच होती, संगमनेरच्या टीमशी. ती टीम तंबाखूचे व्यापारी पीरमहंमदशेठ पोसत. कप कारखान्यात राहिला तर फक्रूला कायमची नोकरी आणि कामगारांच्या लाइनीत एक खोली, असं मॅनेजरनं कबूल केलं. साखर कारखान्यात माणूस घ्यायचा तो चेंडू अडवतो की नाही हे बघून! पण शहाणपणानं चाललेलं काम शरिफाला आजवर कुठं मिळालं होतं? ती जाऊन खोली बघून आली. पत्र्याचं छप्पर, ओल धरलेली भिंत, एक खिडकी. आणि दाराला कडी-कोयंडा.

मॅनेजरला मिठाची भानगड ठाऊक होती. त्यांनी शरिफालाच बोलावून घेतलं.

''त्या दिवशी त्याच्या तोंडात कुणाचंही काही जाता कामा नये.''

''रमजान चाललाय साहेब. रोजा हाय त्यांना.''

''मग तर काळजीच मिटली,'' मॅनेजर म्हणाले. दिवस रोज मावळतो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मॅचच्या दिवशी बक्षीस द्यायला बोलावलेले बडे पाहुणे अशा पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे उशिरा आले. त्यांचा हार, त्यांचा चहा, त्यांचं भाषण. चेंडू मधोमध ठेवेपर्यंत ऊन उतरलं होतं. शरिफा डाव्या बांबूच्या मागं टोपीजवळ उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. मॅच सुरू व्हायच्या आधीच पीरमहंमदशेठ मैदानाला फेरी मारून गेले होते. बरोबरच्या माणसाच्या हातात खजुराची टोपली. प्रत्येक रोजेदाराला एकेक खजूर, पुण्यकर्म म्हणून. लढाईमुळं बसऱ्याची खजूर बाजारातून नाहीशी झाली होती. फक्रूला अख्ख्या रमजानात एक दिसली नव्हती.

''घे बाई,'' शेठ म्हणाले, ''तुझ्या मालकालाबी दे,'' आणि त्यांच्या दाढीतलं हसू तिला स्वच्छ दिसलं. शेठ काय करतायत हे न कळायला ती काही मॅनेजर नव्हती.

तरी तिनं खजूर घेतली. एक तर महिनाभर याला मिळाली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, हे थोतांड एकदा तिला फोडायचंच होतं. कुणाची ते कळलंच नाही तर हात कसा उठत नाही ते बघू, असं तिच्या मनात आलं.

पहिल्या अर्ध्यात कारखान्यानं गोल केला. मग संगमनेरकर चिडले आणि चेंडू फक्रूच्या बाजूलाच राहिला. त्यानं बरेच अडवले. काही हातानं, काही नशिबानं. गप्पा मारायला त्याला सवड मिळाली नाही. उजेड कमी झाला, आणि तेवढ्यात कारखान्याच्या एका भोळसट गड्यानं आपल्याच गोलासमोर चेंडू हातात धरला. पेनल्टी. रेफरी मिशनच्या शाळेतले मास्तर होते. त्यांनी चेंडू जागेवर ठेवला आणि गावातून अजान ऐकू आली. मास्तर भले. त्यांनी हात वर करून सांगितलं, रोजेदारांनी घोटभर पाणी पिऊन घ्यावं.

फक्रू टोपीपाशी आला. ओठ सुकलेले, अंगभर चिखल. शरिफानं तळहात पुढं केला. त्यानं खजूर बघितली आणि त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकले.

''कुणाची?''

मैदानाच्या कडेला लाइनीतल्या खोल्यांचे पत्रे दिसत होते.

''घरची,'' शरिफा म्हणाली.

त्यानं खजूर तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि जाऊन गोलात उभा राहिला. संगमनेरच्या गड्यानं सगळा जीव एकवटून लाथ मारली. चेंडू फक्रूच्या छातीवर आला. अडवला म्हणण्यापेक्षा लागला म्हणावं, पण त्यानं दोन्ही हातांनी तो कवटाळला आणि चिखलात पालथा पडला. शेवटची शिट्टी वाजली आणि कप कारखान्याचा झाला. लोक धावत आत आले.

आणि त्या गर्दीत पीरमहंमदशेठ हसत हसत पुढं झाले. हरलेल्या माणसाला दुसऱ्याचं काहीतरी हिरावून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

''वा रे फक्रू! माजीच खजूर तोंडात आन माजाच चेंडू छातीशी? संपलं म्हनायचं का तुजं मीठ?''

माणसं खदखदून हसली. फक्रूच्या गालात अजून बी होती. त्यानं ती काढून हातावर घेतली आणि शरिफाकडं पाहिलं.

''घरची म्हनलीस.''

''व्हय,'' ती तडकून म्हणाली. ''आन खोलीबी घरचीच हाय आता. तेबी बघा की.''

त्यानं बी टाकली, बांबूवरची टोपी घेतली आणि चालू लागला. शरिफाला वाटलं, चला, सुटली ही मिठाची ब्याद.

खोली मिळाली. कुलूप कोयंड्यात बसलं. शरिफानं ते दोनतीनदा उघडून-लावून बघितलं आणि मग चुलीपुढं बसून पोटभर रडली, सुखानं. फक्रूला कारखान्यात पिंपं धुवायचं काम मिळालं. टीममध्ये तो आणखी चार-पाच वर्षं होता, पण आता मजा नव्हती. टोपी घरीच राहायची. मागं बसलेल्यांकडं तो वळून बघायचा नाही. अडवता आले ते अडवायचा, नाही आले ते जायचे. हरलेल्या मॅचलाही कुणी त्याला मारलं नाही, कारण कुणाला त्याचं काही पडलेलंच नव्हतं. ताटं यायची तर केव्हाच थांबली होती. ज्याला कुणाचंही खाऊन कुणाचाही चेंडू अडवता येतो, त्याला कोण कशाला जेवू घालतंय? पुढं एक तरणा गोली आला आणि याला कुणी सांगितलंही नाही, की तू आता येऊ नकोस.

शरिफाला सगळं मनासारखं झालं होतं. फक्त जेवायला बसला की तो आता विचारायचा नाही. पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. मग ती ताट पुढं करून थोडी थांबायला लागली. तो मान खाली घालून जेवायचा.

एकोणपन्नास सालच्या संक्रांतीला शेजारच्या राहीबाईनं गुळाची पोळी दिली. शरिफानं ती मुद्दाम ताटात मधोमध ठेवली आणि हात मागं घेतला. फक्रूनं तुकडा मोडला, तोंडात घातला. तिला राहवेना.

''राहीबाईची हाय.''

''असंल,'' तो म्हणाला.

''इचारा की मग.''

त्यानं वर बघितलं नाही. ''काय इचारायचं? तू म्हनशील तेच की,'' तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा मोडून घेतला.