बाळंतिणीला सांगायचं नाही

चादर पिळत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हेच. पोरीच्या पलंगावरची मोठी चादर, एक टोक बायकोच्या हातात, एक माझ्या. थंडीचे दिवस. मागच्या अंगणात ऊन येतं ते एवढंसं, आणि लंगोटं, झबली, दुपटी, सगळ्यांना तेवढ्यातच वाळायचं असतं.

"अवो, उलटं फिरवा नं," ती म्हणाली. "मी जिकडं पिळून राहिली तिकडंच तुमी पिळता. असं पाणी निघते का कुठं?"

"मंग तूच फिरव उलटं."

"मी कावून फिरवू? मी पह्यले पकडली."

लग्न झाल्यापासून चादरीवर हेच भांडण. शेवटी मीच हात उलटे केले, पाणी निघालं, दोघांचे पाय भिजले. चादर दोरीवर टाकली. तिने चिमटे ओठांत धरले होते, एकेक काढून लावत होती. सगळे लावून झाले तशी ती मोरीजवळच्या दगडावर बसली आणि म्हणाली, छातीत जळजळून राहिलं, जरा ओवा आणा. मी ओवा आणला. तोवर तिला घाम फुटला होता. मी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर राबलेला माणूस, घाम मला नवा नाही. पण थंडीत, सावलीत बसून आलेला तो घाम पाहून मी ओवा तिथेच टाकला आणि तिला धरलं.

घरात त्या दिवसांत कोणालाच बसायला फुरसत नव्हती. आमची एकुलती एक पोरगी पुण्याहून बाळंतपणाला आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले, आणि नात झाली तीही वेळेच्या आधी. एवढीशी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तोंडावर बोलून गेलो, "ही तं उंदरीवानी हाय." बायकोने त्या दिवशी मला चहा दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाटली नको, डब्याचं दूध नको, आईचंच दूध द्या, वजन वाढलं पाहिजे. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. दूध आलं का, पुरलं का, पोर प्यायली का, झोपली का. बायको डिंक तळायची, खसखशीची खीर करायची, हलीव भिजवायची, मधेच पोरीच्या पाठीला शेक द्यायची. मी सुपेलाच्या बाजारात चकरा मारायचो. आणलेलं कधी पसंत पडायचं नाही.

"हा लाडवाचा डिंक हाय का लिफाफे चिकटवाचा?"

जामुलकडून एक मालिशवाली यायची. छत्तीसगढ़ी बाई, हात असे की पोर तिच्या मांडीवर रडायचं विसरायचं. ती डब्यात काँकेचं पाणी आणायची, कसलीशी साल, गूळ, सुंठ घालून उकळलेलं. पोरीला म्हणायची, "येला पी नोनी, दूध उतरही." बायको नाक मुरडायची, म्हणायची आमच्या भंडाऱ्याकडं असं काळं पाणी देत नाहीत. आणि मालिशवाली फाटकाबाहेर पडली की स्वतःच गाळून पोरीला द्यायची. "पेऊन घे. काही इख नाही त्यात."

त्या दुपारी माझी मोठी बहीण पद्मनाभपूरहून बारशाचं ठरवायला आली होती. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तिला गाडीने आणलं होतं, म्हणून गाडी दारातच उभी. आम्ही बायकोला धरून नेलं तेव्हा ती पोरीच्या दारात थांबलीच.

"शेगडी लय जवळ नको घेऊ, धूर लागते लेकराले. गॅस झाला मले, दाखवून येते."

"लवकर ये आई," पोरगी आतून म्हणाली. "ही तुझ्याशिवाय झोपतच नाही."

दवाखान्यात त्यांनी करायचं ते सगळं केलं. दिवेलागणीला एक डॉक्टर बाहेर आला. पोरगेलासाच होता. माझ्यासमोर उभा राहून गळ्यातला स्टेथोस्कोप गुंडाळत राहिला. मीच विचारलं, "खतम?" त्याने मान हलवली.

मी बाकड्यावर बसून राहिलो. रडू आलं नाही. तिला आत मरच्युरीत नेलं. मला वाटलं, तिच्या शेजारी अजून एक जागा असेल तर यांनी मलाही ठेवून घ्यावं. मग एकदम आठवलं, घरी पोरगी वाट पाहत आहे. तिला काय सांगू?

आक्का शेजारी बसली होती. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिले सांगाचं नाही."

"आँ?"

"कच्ची बाळंतीण हाय. ऐकलं का दूध आटते. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं हाय गावाकडं. बाई रातीतून आटली अन् लेकरू गेलं. हे लेकरू तं पह्यलेच मुठीएवढं. अन् बाळंतिणीनं मुडदा पाहू नये. आता अंधार पडला. सकाळी जावई विमानानं येतेत, येथूनच नेऊ मुक्तिधामाले. सव्वा महिना झाला का सांगू."

"आक्का, तिची माय हाय ते."

"अन् हे तिचं लेकरू हाय. एक तं गेली. आता दुसरी जाऊ देतं का?"

आमच्यात हे नवीन नाही. बाळंतिणीपासून मरण लपवतात, सगळ्यांना माहीत आहे, सगळे हो म्हणतात. जावयाला फोन केला. तो फोनवर रडला आणि म्हणाला, आत्या म्हणतात तसंच करा. मीही हो म्हणालो. त्या उंदरीएवढ्या पोरीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे होतं.

घरी पोचलो. आक्का आणि मी मागच्या दाराने येऊन आधी डोक्यावरून पाणी घेतलं. पोरीने आतून विचारलं, "बाबा, एवढ्या थंडीत आंघोळ?"

"दवाखान्यातून आलो बेटा. लेकराजवळ यायचं तर..."

"आई?"

"भरती केलं. सलाईन लावली. डॉक्टर म्हणे एकदोन रोज ठेवतो."

हे मी इतकं सरळ बोललो की माझं मलाच नवल वाटलं. जन्मभर मला खोटं जमलं नाही. बायको म्हणायची, तुमाले भाजीचा भाव सुद्धा लपवता येत नाही. आणि त्या संध्याकाळी मी गोष्टीमागून गोष्ट रचत होतो. कोणत्या वॉर्डात? बायकांच्या. खाट खिडकीजवळ आहे? हो, खिडकीजवळ. जवळ कोण आहे? शेजारीणबाई थांबल्या.

आक्काने पोरीचा मोबाईल उचलून घेतला. "याची हवा लागते लेकराले."

"आत्या, काही पण बोलता तुमी."

"बोलते तं बोलते. सव्वा महिना हात नाही लावाचा."

खरी भीती नातेवाइकांच्या निरोपांची होती. एव्हाना गोंदियापासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली असतील. गल्लीतल्या बायका यायला लागल्या, पदर तोंडाला लावून. भाचा फाटकावरच उभा राहिला आणि हात जोडून एकेकीला परत पाठवत राहिला. त्यातली एक रडायलाच लागली. त्याने तिला कोपऱ्यापर्यंत नेऊन सोडलं. माझ्याच बायकोसाठी माझ्याच दारात कोणाला रडू देत नव्हतो. मीही आत बसून नात रडली की पाळणा हलवत होतो.

मरणाच्या घरी चूल पेटवत नाहीत. पण बाळंतिणीला उपाशी ठेवता येत नाही, म्हणून आक्काने मुगाची खिचडी टाकली. पोरगी म्हणाली, "आत्या, आईसाठी पण टाका. बाबा नेऊन देतील. तिले दवाखान्यातलं जेवण जात नाही."

आक्का माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने मूठभर तांदूळ अजून टाकले. दुसरं काय करणार होती ती!

पोरीने स्वतः उठून डबा भरला. मी म्हटलं तू उठू नको, तर म्हणाली, "टेन्शन मत लो बाबा, डबा भरल्याने काही होत नाही." वरून तूप सोडलं. लिंबाच्या लोणच्याची फोड बाजूच्या वाटीत ठेवली. डबा कापडात बांधून माझ्या हातात दिला. "गरम आहे तोवर द्या."

मी भाच्याच्या गाडीत जाऊन बसलो. त्याने विचारलं, "कुठे जायचं मामा?" मी म्हटलं, कुठेही घे. त्याने सुपेलाच्या पुढे नेऊन रस्त्याच्या कडेला लावली. ट्रक जात होते, एक ठेलेवाला अंडी उकडत होता. डबा मांडीवर होता. गरम होता, पायजम्यातून चटका लागत होता. फेकून द्यावा, तर हात होईना. कुत्र्याला घालावा, तेही होईना. तिच्यासाठी बांधलेला डबा. शेवटी मी उघडला आणि खाल्ला. सुतकात, गाडीत बसून, चमच्याशिवाय, सगळा खाल्ला. लोणचंही. भाचा खिडकीबाहेर तोंड करून रडत होता आणि मी खात होतो. भूक होती की काय होतं, मला आजही सांगता येत नाही. बोटं चाटूनपुसून डब्याला झाकण लावलं.

परत आलो. पोरीने डबा उघडून पाहिला. "खाल्लं?"

"खाल्लं."

"सगळं? मग बरी हाय. काय म्हणे?"

"मीठ कमी हाय म्हणे."

पोरगी हसली. "तिले कोणाच्या हातचं पसंत पडते का बाप्पा!" ती हसली आणि मला मोरीत जाऊन नळ सोडावा लागला. नळाच्या आवाजात तोंड दाबून रडलो. आयुष्यात तेवढा नीच मला कोणीच वाटला नसेल, जेवढा मी मला तेव्हा वाटलो.

रात्रभर नात रडली. आम्हाला वाटलं पोट दुखत असेल. हिंग लावला, शेकलं. सकाळी मालिशवाली आली. तिला फाटकातच कळलं होतं, डोळे सुजलेले, पण आक्काने दटावून आणलेली. ती खाली मान घालून तेल लावत राहिली, एक शब्द बोलली नाही. ही बाई रोज रेडिओसारखी चालू असते. पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, दूध उतरून नाही राहिलं."

"काय?"

"कालपासून. हिले लावते, ही तोंड सोडून देते अन् रडते. मी रात्रभर झोपली नाही. तुमी सगळे काहीतरी लपवून राहिले. मोबाईल घेतला. दारावर लोक येतात अन् परत जातात. आईले जास्त झालं का? मले फोनवर बोलू द्या, बस्स. तिचा आवाज ऐकू द्या."

घड्याळात मी पाहिलं. मुक्तिधामाला नेण्यासाठी माणसं दवाखान्यात जमायची वेळ होत आली होती, जावईही विमानतळावरून थेट तिकडेच येणार होता. मलाही काही बहाणा करून निघायचं होतं. बहाणा मी ठरवूनही ठेवला होता, औषध आणायचं. पण ज्या दुधासाठी मी खोटं बोलत होतो ते तर गेलंच होतं. आता मी कोणासाठी खोटं बोलू?

आक्का दारातून मान हलवत होती, नको, नको.

मी खाली पोरीजवळ बसलो. मला गोल बोलता येत नाही.

"बेटा, तुझी आई गेली. काल संध्याकाळीच गेली. तिले अजून नेलं नाही."

मालिशवालीने नातीवरचे हात काढून घेतले. मला वाटलं पोरगी किंचाळेल, मला मारेल. ती भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कुठे हाय?"

"दवाखान्यात."

"मले न्या."

आक्का मधे आली. "येडी झाली का तू? कच्चं आंग, वारा लागेल. लेकरू घेऊन मुडद्याजवळ जातं? अन् तुले अक्कल हाय का रे म्हाताऱ्या? लेकराचं काही झालं तं कोणाच्या माथी मारशीन?"

"माह्या," मी म्हटलं.

मालिशवाली उठली. "झन रो नोनी," म्हणाली, पोरगी रडत नव्हती तरी. तिने नातीचं तेल पुसलं, दोन दुपट्यांत गुंडाळलं, आपल्या अंगावरची शाल पोरीच्या डोक्यावरून कानापर्यंत घेतली. मी नातीला उचललं. तोवर मी तिला कधी उचलून घेतलं नव्हतं, भीती वाटायची. फाटकात आक्का आडवी उभी राहिली. माझ्यापेक्षा मोठी, मला लहानपणी कडेवर घेतलेली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"आक्का, सरक."

ती सरकली. मग तीही गाडीत येऊन बसली.

मी पुढच्या सीटवर, भाच्याशेजारी. नात मागे पोरीकडे दिली. सेक्टरमधल्या दवाखान्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा नात परत रडायला लागली. मग पोरगी रडायला लागली, तोंड उघडून, लहानपणी रडायची तशी. दोघी एकदम. आक्का म्हणत होती, घे तिले, छातीशी घे, लावून पाहाय. मी समोर काचेतून पाहत होतो. बापाने मागे पाहायचं नसतं. नातीचं रडणं थांबलं. पोरीचं चालूच होतं.

मी बराच वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "पिऊन राहिली का?"

मागून आक्काच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

"बेटा, पिऊन राहिली का ते?"

"पिऊन राहिली, बाबा."

मी भाच्याला म्हटलं, गाडी हळू घे.