पॅट्रिक खाली उतरेपर्यंत

फॉस्फेट जहाजात चढवणाऱ्या पट्ट्यावर एर्विननं चोवीस वर्षं काढली. पट्ट्याचा आवाज जरासा बदलला की हातातलं टाकून धावायचं, हीच त्याची नोकरी. नोकरी संपून तीन वर्षं झाली तरी धावणं संपलं नव्हतं. कुत्रं भुंकलं की धाव, भांडं पडलं की धाव. बायको लुसिंडा म्हणायची, "नाउरू एवढंसं बेट. तू असाच धावत राहिलास तर संध्याकाळपर्यंत दोन फेऱ्या होतील."

रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा रॉयमामानं त्याला एक फ्रिगेट पक्षी दिला. रॉयमामा त्याच्या आईचा भाऊ. साखरेच्या आजारात एक पाय गेलेला, चाकाच्या खुर्चीत बसून इजुव वस्तीच्या किनाऱ्यावर पक्षी पाळणारा. तिथल्या मचाणावर उंच दांड्या बांधल्या होत्या. एर्विनच्या पक्ष्याचं नाव पॅट्रिक. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. सकाळी समुद्रावर जायचा, दुपारी दांडीवर येऊन मासा खायचा.

त्या दिवशी चार वाजले तरी तो आला नाही. आला तेव्हा उजवा पंख नीट उघडत नव्हता. कोणाचा तरी मासेमारीचा नायलॉनचा दोरा पंखाला गुंडाळला होता आणि टोकाला चकाकता गळ लोंबत होता.

एर्विन जाळीची काठी घेऊन धावला. दांडीला टेकू पाहणारा पॅट्रिक दचकून वर उठला. वळसा घालून पुन्हा आला. एर्विन पुन्हा धावला. तिसऱ्या वेळी पक्षी पार प्रवाळाच्या कडेपर्यंत गेला आणि पाण्यापासून हातभर उंचीवरून कसाबसा परतला.

लुसिंडानं तोंडावर हात धरला. फ्रिगेटचे पंख पाणी पितात. समुद्रात पडला की तो उठत नाही, हे बेटावरचं पोरही सांगेल. आणि वारा पडत चालला होता.

"काठी टाक," मामा म्हणाला.

"मामा, तो पडेल!"

"तू त्याला पाडतोयस. खाली बस."

"बसून कसं चालेल? काहीतरी करायला पाहिजे ना!"

"मला उभं राहता येत नाही, म्हणून माझ्याकडे पक्षी येतात रे गाढवा. बस. समुद्राकडे पाठ कर."

एर्विन बसला. मामानं नारळाच्या दुधातल्या कच्च्या माशाचा वाडगा त्याच्या मांडीवर ठेवला. "खा."

"आत्ता?"

"रोज दुपारी आपण काय करतो? खातो. त्याला रोजचं दिसू दे."

एर्विननं घास घेतला. पाठीमागे पंखांचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. वळून बघावं म्हणून मान आपोआप फिरत होती. लुसिंडानं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. तिनं पावसाच्या टाकीचं बोलायला सुरुवात केली. झाकण गंजलंय, बदलायला हवं.

"हिरवं आणू की निळं?" एर्विननं विचारलं. प्रश्न खराच होता, हे त्याला विचारल्यावर कळलं. त्याच वेळी डोक्यावरची दांडी कुरकुरली.

कोणी हललं नाही. बऱ्याच वेळानं मामानं नजरेनं खूण केली. एर्विन वाडगा बाजूला ठेवून सावकाश उठला आणि वळला. पॅट्रिक चोच उघडी टाकून धापा टाकत होता. दोरा पिसांत रुतला होता.

"आता धरू?" लुसिंडा कुजबुजली.

"धरलंस तर पंख मोडेल. ऊन आहे अजून," मामा म्हणाला. "धाप थांबली की पंख पसरून ऊन घेईल."

सूर्य मागच्या माडांच्या शेंड्यांपासून वीतभर वर होता. लुसिंडानं पिशवीतली शिवणाची कात्री एर्विनच्या हातात दिली होती. त्याचा श्वास पक्ष्याच्या श्वासाबरोबर हळू होत गेला. ते त्यानं ठरवून केलं नव्हतं. पॅट्रिकनं चोच मिटली, अंग झटकलं आणि दोन्ही पंख उलटे पसरून उन्हाला दिले. उजव्या पंखाची आतली बाजू अख्खी समोर आली. दोऱ्याचा प्रत्येक वेढा दिसू लागला.

एर्विननं एक वेढा कापला. थांबला. दुसरा कापला. तिसऱ्याला पॅट्रिकनं त्याच्याकडे पाहिलं. एर्विननं कात्री तशीच उघडी हवेत धरली आणि पक्ष्याची नजर समुद्राकडे गेली तेव्हाच तिची पाती मिटली. गळ वाळूत पडला.

उन्हाची शेवटची रेघ जाईपर्यंत पक्षी तसाच पसरलेला राहिला. मग पंख मिटू लागला. डावा लगेच मिटला. उजवा अर्ध्यावर अडकला.

"मामा..."

"बघ नुसतं."

पॅट्रिकनं पंख पुन्हा उघडला, चोचीनं दोन पिसं सरळ केली आणि घडी नीट बसवली. मग त्यानं एर्विननं बाजूला ठेवलेल्या वाडग्याकडे मान लांब केली.

"त्यात मीठ-लिंबू आहे," लुसिंडा म्हणाली, "त्याला साधा मासा दे." आणि मग ती रडायला लागली.