मांडीतलं गळू आणि ताईची साक्ष

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. मला लहान वयातच मधुमेह झाला होता. रोज सकाळी ताई काचेची सिरिंज उकळून माझ्या उजव्या मांडीत इन्सुलिन टोचायची. आईला सुई टोचवत नसे, म्हणून ते काम ताईकडे. तिच्याइतका भरवसा माझा कुणावरच नव्हता.

दादा मित्रांबरोबर मोर्चाला निघाला, तेव्हा ताई मला म्हणाली, "डब्यातले लाडू बांधून दे त्यांना. आईला मी सांगते."

मी दिले. दादा मोर्चात पकडला गेला, तुरुंगात गेला.

त्याच सुमारास माझी लघवी तपासली की नळीतलं निळं औषध विटकरी लाल होऊ लागलं. म्हणजे साखर भरपूर. इन्सुलिन वाढवलं, तरी लालच. आईनं लाडवांचा डबा उघडून पाहिला.

"खरां सांग गो, लाडू खाल्लंस मा?"

"दादाला दिले. ताईनंच सांगितलं होतं."

ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कशाला सांगू? डब्यात हात घालताना पाहिलं मी हिला."

त्यानंतर आईनं डबे कुलपात ठेवले.

पुढे मांडी इतकी ठणकू लागली की चालवेना. दोघी मला परळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी मांडी दाबून पाहिली. आत गळू झालं होतं.

"पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी," ते आईला म्हणाले. "त्यांच्यातून एन्झाइमं बाहेर पडतात, प्रथिनं तोडणारी. इन्सुलिन हेही एक प्रथिनच. तुम्ही ते नेमकं तिथंच टोचताय, त्यातलं काही तिथंच तुटत असणार. शिवाय अंगात पू असला की उरलेलंही नीट लागू पडत नाही."

"म्हणजे हिनं गोड नाही खाल्लं?"

"ते मला कसं कळणार, बाई?"

मी ताईकडे पाहिलं. ती पदर सारखा करत राहिली.

गळू कापलं, सुई दुसऱ्या मांडीत द्यायला लागलो. हळूहळू नळी हिरवी, मग निळी राहू लागली. दादा सुटून आला आणि जेवताना सहज म्हणाला, "लाडू मस्त होते हां, आई." आईचा घास हातातच राहिला. मग तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

लग्न ठरल्यावर ताई मला म्हणाली, "तेव्हा आईला घाबरले गो."

"बरं," मी म्हटलं. सुई मी तोवर स्वतःच टोचायला शिकले होते.