वह्यांच्या दुकानातला पब

आमच्या दुकानात आता बियर मिळते. सबंध बिदरमध्ये सगळ्यात स्वस्त, असं दारावरच लिहिलंय, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. मराठीत लिहिलं नाही, तेवढीच आमची लाज राखली म्हणायची. त्या दिवशी शाळेत एका सरांनी डबा खाता खाता मला विचारलं, "अक्का, तुमच्या ओळखीवर काही कमी-जास्त होईल का हो?" सगळे फिदीफिदी हसले. मी डबा झाकला आणि तास नसताना वर्गावर जाऊन बसले.

दुकान वह्या-पुस्तकांचं होतं. भर बाजारात, माझ्या वडिलांनी, अप्पांनी उभं केलेलं. शाळा उघडायच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसायची. एका फळीवर कन्नड पुस्तकं, एका फळीवर मराठी, एका फळीवर उर्दू, आणि अप्पा गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्या त्या भाषेत बोलायचे. आमच्यातल्या माणसाचं पेठेत दुकान, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. गावाकडची माणसं बिदरला आली की काही घ्यायचं नसलं तरी नुसती बघून जायची. वरचा मजला अप्पांनी मागाहून चढवला. माय आणि माझा धाकटा भाऊ तिथं राहतात, मी लग्नानंतर मैलूरला.

अप्पा काही आधीपासून असे नव्हते. संतपूरला होते तेव्हा शिंदी पिऊन कुठंही पडायचे. मायनं फार सोसलं. घरात पंचशील होतं, रोज म्हटलं जायचं, पण ओठांच्या आत उतरायचं नाही. मी तान्ही असताना अप्पा भर बाजारात पडले, तेव्हा माय मला कडेवर घेऊन त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, बाकीची चार शीलं राहू द्या, आधी पाचवं म्हणा, दारूचं. रोज माझ्यापुढं उभं राहून म्हणा. ते म्हणायला लागले. आधी नुसतंच म्हणायचे, मग हळूहळू पाळायला लागले, मग बिदरला आले, मग दुकान झालं. हे दुकान पाचव्या शीलानं दिलं, असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

अप्पा गेल्यावर दुकान भावाकडं आलं. चारेक वर्षं त्यानं रेटलं. "पुस्तकं कोण घ्यायलंय आता, अक्का? सगळं मोबाईलवर मागवायलेत," तो म्हणायचा. ते खरं होतं, मी वाद घातला नाही. मग बेंगळूरची कुठली तरी कंपनी आली. कलबुर्गीला, हुबळीला तिच्या शाखा होत्या म्हणे. भावानं जागा तिला भाड्यानं दिली आणि आम्हाला सांगितलं, मोठं हॉटेल येतंय, ए.सी.चं. काचांना आतून कागद चिकटवलेले. मी खोदून विचारलं तर माझ्यावरच डाफरला, "फॅमिली हॉटेल आहे गं, तुझं आपलं कायतरी!"

आमच्यात नव्या कामाला नारळ फुटत नाही. फुलं, मेणबत्ती, भिंतीवरचे दोन्ही फोटो आणि वंदना, एवढंच. घरातल्या मोठ्या माणसानं एकेक शील म्हणायचं, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचं. लग्न जमलं, बोअरला पाणी लागलं, दारात मोटारसायकल आली, काही असो, पंचशील आधी. ही रीत आमच्या इतकी अंगवळणी पडलीय की भावाला ती त्या दिवशी टाळावी हे सुचलंच नाही. गाढव कुठला! त्यानंच सोयऱ्याधायऱ्यांना फोन केले आणि त्यानंच मायला पांढरं लुगडं नेसायला लावून हाताला धरून खाली आणलं.

आत सगळी टेबलं बुटकी. फोटो ठेवायला उंच जागा एकच, समोरचा लांबलचक काउंटर. अप्पांच्या मराठी पुस्तकांची फळी होती बरोबर त्या जागी. भावानं फोटो तिथं मांडले. काउंटरवर पितळी तोट्यांची रांग होती, लख्ख घासलेली. मायनं मेणबत्ती लावली, एका तोटीला बोट लावलं आणि विचारलं, "ह्या तोट्या कशाच्या रे? पाण्याच्या?"

काळा टी-शर्ट घातलेला कंपनीचा मॅनेजर जवळच उभा होता. मोठ्या अदबीनं वाकून म्हणाला, "अम्मा, बियर है. पूरे टाउन में सबसे सस्ता."

माझं अंग नुसतं पेटलं होतं. भावाचा चेहरा पडला, पण तो सावरला आणि म्हणाला, "माय, चालू कर. लोकं खोळंबलेत."

मला वाटलं, माय आता त्याच्या थोबाडीत देईल. तिनं हात जोडले. पहिलं शील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. दुसरं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना तिनं मान वळवून भावाकडं बघितलं आणि त्याचं म्हणून होईस्तोवर बघत राहिली. त्यानं फरशीकडं बघत ते पुरं केलं. मग माय गप्प झाली.

सगळे थांबले. आणि मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, मागून कुणीतरी पाचवं सुरू केलं. आत्यांनी, मावश्यांनी, चुलत्यांनी, सगळ्यांनी त्यात सूर मिळवला. भावाचा आवाज सगळ्यांत मोठा. बियरच्या तोट्यांपुढं हात जोडून आमचं अख्खं खानदान म्हणत होतं की आम्ही दारूपासून लांब राहू. मॅनेजरला त्यातलं काय कळणार? त्याला वाटलं पूजा झाली, त्यानं टाळ्या वाजवल्या. मग आमच्या लोकांनीही वाजवल्या. थू असल्या जिंदगानीवर!

मायनं दोन्ही फोटो पदरात घेतले आणि जिना चढून वर निघून गेली. बाकीचे जेवायला बसले. पनीर मऊ होतं, असंही कुणीतरी म्हणालं.

आता संध्याकाळ झाली की खालून गाण्यांचा धडधडाट सुरू होतो, मायच्या खोलीतली भांडी थरथरतात. अप्पांकडनं पाटी-पेन्सिल घेतलेली माणसं आता तिथं रांग लावतात आणि मला बघितलं की मान खाली घालतात. भाऊ रस्त्यावर माझ्याशी गाडीचं, शाळेचं, पोरांचं बोलतो. त्या दिवसाचं कधीच नाही.

परवा रविवारी मी सकाळीच गेले, मायला कायमची घेऊन यायचं ठरवून. ती वंदनेला उभी होती. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभा, लहानपणापासून राहतो तसाच. मायनं पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं, चौथं म्हटलं, आणि वाकून नमस्कार केला. भाऊ थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग खाली मान घालून आत गेला.

"माय, पाचवं राहिलं की," मी म्हणाले.

"राहिलं न्हाई. त्या दिसापास्नं म्हणत न्हाई म्या."

"कामून?"

"खाली तोट्या चालू हायेत, आन् वरी म्या त्याच्याच भाड्याची भाकर खायलेय. आता पाचवं म्हणलं तर चौथं मोडतंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या एका शीलानं तिचा संसार उभा राहिला, तेच तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं आमच्या शहाण्यानं. मी तिची पिशवी भरायला घेतली. "चल मैलूरला. माझ्या घरी पाचही म्हण, मोठ्यानं म्हण."

तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली.

"तुझ्या बापाला म्या म्हणायला लावून सोडवलं," ती म्हणाली. "ह्याच्यापुढं रोज चारवर थांबायलेय. म्या तिकडं आले तर हितं थांबंल कोण?"