देवदूताच्या हातातला मासा

आमच्या गावात होड्यांवर नावं रंगवणारा एकजण आहे. ब्रश कानावर खोचून तो रोज माझ्या पडवीत येतो आणि विचारतो, "बाई, ह्यो मासा कंचा?"

चर्चसाठी तो युरोपातल्या बरोक काळातल्या एका जुन्या चित्राची नक्कल करतोय. राफाएल देवदूत, हातात बायबलच्या गोष्टीतला नदीतला मासा. पंख झाले, लाल झगा झाला. मासा तेवढा राहिलाय आणि उद्या सण!

"अरे, छापील चित्रात आहे तसा काढ ना!"

"तसला मासा आपल्याकडं न्हाय, बाई. कोळणी हसतील."

डोकं उठतं माझं. पण ओरडू कुठल्या तोंडानं? मुंबईहून चित्रकला शिकून आलेली मी दीडशहाणी मास्तरीण, हा शाळेत असताना ह्याच्याच वहीतल्या जिताड्यावर लाल फुली मारली होती. का, तर पुस्तकातल्या माशासारखा नाही! जिताडा मी तोवर फक्त कालवणात पाहिला होता.

आज तो ताजा जिताडा घेऊनच आला. "खाडीतला हाय, पण गोड्या पाण्यात बी जातो. देवदूताला नदीत गावला आसंल."

तासाभरात खवलं चकाकली. मग लाल रंगाचा ब्रश त्यानं माझ्या हातात दिला. "तपासा, बाई."

लाल झग्याच्या घडीत मी बरोबरची खूण केली. फादरना दिसली नाही म्हणजे मिळवली.